सेकंडचा ताका आणि नाशिकचे हेडमास्तर

मी आयुष्यात एकदाच दुकानात जाऊन चादर विकत घेतली आणि ते पडद्याचं कापड निघालं.

लग्नानंतरची पहिली दिवाळी होती. रंग छान होता, फुलं मोठी होती, दुकानदार घाईत होता. एका बाजूला पितळी कड्या शिवलेल्या होत्या, त्या मी पाहिल्या नाहीत असं नाही. पण मला वाटलं, चादर वाळत घालायला सोय केली असेल. सुलभाने घरी ती उलगडली, कड्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि ती सरळ खिडकीला अडकवली. सत्तावीस वर्षं झाली, ती अजून तिथेच आहे.

हे दुसऱ्या कुठल्या गावात घडलं असतं तर चाललं असतं. पण आम्ही राहतो भिवंडीत. इथे रस्त्याने जाताना दोन माणसं बोलायला लागली तर लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, खडखडाटामुळे ओरडून बोलतात आणि तीच सवय घेऊन घरीही ओरडतात. त्यातून मी रफिकशेठच्या लूमच्या कारखान्यात मेहताजी. म्हणजे ऑफिसातला कारकून. सव्वीस वर्षं मी रोज कापडाबद्दल लिहीत आलो आहे. एवढंच की त्यातलं कापड मी कधी हाताळलेलं नव्हतं. (लूमवर खाली गेलं की शर्टाला तेल लागतं आणि मग घरी उत्तरं द्यावी लागतात.)

तर झालं असं की सुलभाच्या मावशीचं गणेशपुरीतलं घर सुलभाकडे आणि तिच्या भावाकडे मिळून आलं. दोन खोल्या, पुढे ओटी, मागे विहीर आणि एक चिकूचं झाड. भावाचं, म्हणजे सुरेशदादाचं म्हणणं विकून टाकू. सुलभाचं म्हणणं ठेवू. ती महापालिकेच्या शाळेत शिक्षिका आहे, पुढच्या वर्षी निवृत्त होणार. त्या ओटीवर बसून उरलेलं आयुष्य काढायचं हे तिने मनात कधीच ठरवून टाकलेलं. तोवर घर रिकामं राहू नये म्हणून आश्रमात आणि गरम पाण्याच्या कुंडांवर येणाऱ्यांना खोल्या द्यायच्या, अशी तिची योजना होती.

"लोक तुझ्या खोल्यांत येऊन राहणार?" सुरेशदादा फोनवर म्हणाला. "अगं, तिथे काय हाय? मला घेणारा माणूस मिळालाय."

"एकदा पाहुणे येऊन तर जाऊ देत," सुलभा म्हणाली.

"बरं. पहिले पाहुणे काय लिहितात ते वाचू. चांगलं लिहिलं तर मी विकायचं नाव काढणार न्हाय. वाईट लिहिलं तर तू अडवायचं न्हाय."

"कबूल."

सुलभाने घराला रंग दिला, गाद्या नव्याने भरून घेतल्या, बाथरूमला कडी लावली, मोबाईलवरच्या बुकिंगच्या ॲपवर घराचे फोटो टाकले. तीन आठवड्यांत पहिलं बुकिंग आलं. नाशिकचे निवृत्त हेडमास्तर कुलकर्णी सर, त्यांच्या पत्नी आणि सहा वर्षांची नात. शुक्रवार ते रविवार.

मी म्हणालो, "मलाही काहीतरी काम दे."

सुलभाने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग म्हणाली, "चादरी, अभ्रे आणि टॉवेल आणा. बाजारात जा, तयार घ्या, पांढरे घ्या. दुकानदाराला सांगा, गादीवर घालायचंय. *गादीवर.*"

एवढं सोपं काम. पण बाजाराच्या वाटेवर माझ्या डोक्यात विचार आला (हे माझं नेहमी वाटेतच होतं) की अर्ध्या देशाचं कापड आमच्या गावात विणतात आणि मी, सव्वीस वर्षांचा मेहताजी, दुकानातून तयार चादर आणू? मी वळलो आणि कारखान्यात गेलो.

"शेठ, पांढऱ्या कापडाचा एखादा ताका पडलाय का? चादरी शिवायच्यात."

रफिकशेठ चहा पीत होते. भिवंडीतलं जुनं कोकणी घराणं, आजोबांपासून माग चालवणारं. "सेकंडचा एक पडलाय कोपऱ्यात. घेऊन जावा. पन मेहताजी, ग्रे हाय तो. प्रोसेस न्हाय झालेला."

आता 'ग्रे' हा शब्द मी रोज पन्नास वेळा लिहितो. सव्वीस वर्षांत त्याचा अर्थ विचारायची मला गरज भासली नव्हती, आणि आता विचारायची लाज वाटली. प्रोसेस म्हणजे रंगवणं, असं मी आपलं धरून चाललो होतो. आणि पांढऱ्या चादरीला रंग कशाला हवा?

"कळलं शेठ," मी म्हणालो. "मला कापडातलं कळतं."

शेठनी कप खाली ठेवला आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. पण माणूस सभ्य. ताका बाहेर काढून द्यायला सांगितला.

टेलर अन्सारीभाईने ताका उलगडला, बोटांत चुरगाळून पाहिला. "मेहताजी, पहले धो लूँ?"

"नया है, भाई. नये को क्यों धोना?"

"टॉवेल भी इसीका?"

"टॉवेल भी." आपले पूर्वज साध्या पंच्याने अंग पुसायचेच की. अन्सारीभाईने मान हलवली. त्या मान हलवण्यात बरंच काही होतं, ते मला शनिवारी कळलं.

गुरुवारी संध्याकाळी गठ्ठा मिळाला. सुलभाला दाखवला नाही, सरप्राइज द्यायचं होतं. तिला शुक्रवारी शाळेत परीक्षेची ड्युटी होती, ती शनिवारी पहिल्या एसटीने येणार होती. शुक्रवारी सकाळी गठ्ठा घेऊन मी एकटाच गणेशपुरीला पोचलो.

चादर घातली. ती गादीवर बसली, पण गादीच्या कडेला खाली वळेना. पत्र्याच्या वळचणीसारखी चारी बाजूंनी सरळ बाहेर आली. मी हाताने दाबली की खाली जायची, सोडली की परत वर. मी मनात म्हटलं, दमदार माल आहे.

टॉवेलांचे मात्र मी हंस केले. मोठ्या हॉटेलांत पलंगावर टॉवेलचा हंस ठेवतात, ते मी मोबाईलवर शिकून घेतलं होतं. त्या व्हिडिओतल्या बाईचा हंस सारखा मान टाकत होता. माझा हंस पहिल्या फटक्यात ताठ उभा राहिला. मान वर, चोच पुढे. टेबलावर आपटून पाहिला तरी हलला नाही. मला स्वतःचा अभिमान वाटला.

चार वाजता कुलकर्णी मंडळी आली. सर उंच, पांढऱ्या मिशा, खिशाला दोन पेनं. दार, खिडक्या, विहीर, सगळं त्यांनी तपासणीला आल्यासारखं पाहिलं. बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "ते मार्क फार हात राखून देतात हं. चाळीस वर्षांत कुणाला पैकीच्या पैकी नाहीत. आमच्या मुलालाही नाहीत."

मी आत जाऊन हंसांच्या चोची पुन्हा एकदा सरळ करून आलो.

नात ओवी मात्र खुश झाली. ती पलंगाशेजारी जमिनीवर बसली आणि बाहेर आलेल्या चादरीखाली तिने घर मांडलं. "आजी, हे बघ, छप्पर आहे." शेजारच्या खाणावळीतून जेवण आलं, ते सगळ्यांना आवडलं. मी ओटीवर अंथरूण टाकलं आणि सुलभाला फोन केला. "सगळं फर्स्ट क्लास."

"चादरी कशा आहेत?"

"बघशीलच."

सकाळी सर ओटीवर आले आणि घसा खाकरून म्हणाले, "एक विचारू? तुमच्याकडे रात्री पापड वगैरे करतात का?"

"नाही. का?"

"मी कूस बदलली की कुठेतरी पापड मोडल्याचा आवाज येत होता. मी वळलो की हिला जाग, ही वळली की मला. शेवटी आम्ही ठरवून एकाच वेळी वळायला लागलो."

मी उत्तर द्यायला वर पाहिलं. सरांच्या डाव्या गालावर निळ्या शाईत, ठसठशीत, उलट्या अक्षरांत शिक्का उठला होता. त्या ताक्याच्या टोकाला कारखान्याचा शिक्का होता, तो अन्सारीभाईने नेमका अभ्र्यावर आणला होता. घामाने तो सरांवर उतरला. उलटी अक्षरं लावायला मला दोन सेकंद लागले. 'सेकंड.'

ज्या माणसाने चाळीस वर्षं मुलांना श्रेण्या दिल्या, त्याच्या गालावर आमच्या कारखान्याने दुसऱ्या प्रतीचा माल असल्याचा शिक्का मारला होता.

"काय झालं? असं काय बघताय?" सर म्हणाले.

"काही नाही. कुंडावर चला. गरम पाण्याने तोंड धुवा. चांगलं चोळून धुवा. गंधकाचं पाणी असतं, गालांना फार चांगलं."

माझ्या सांगण्यावरून सरांनी गाल इतका चोळला की शिक्का गेला, पण गाल लाल झाला. एक संकट टळलं, असं मला वाटलं. मग त्यांनी अंघोळ केली, कुंडातून बाहेर आले आणि टॉवेल मागितला.

मी अदबीने हंस पुढे केला. सरांनी त्याची मान मोडली आणि अंग पुसायला सुरुवात केली.

पाणी पुसलं जाईना. खांद्यावरचं पाणी पाठीवर गेलं, पाठीवरचं कमरेवर, कमरेवरचं परत हातावर आलं. टॉवेल कोरडाच. सर जोर लावत होते, टॉवेल खरखर वाजत होता, थेंब नुसते घरंगळून जागा बदलत होते. आजूबाजूची माणसं अंघोळ थांबवून बघायला लागली.

"हा कसला टॉवेल आहे?" सर म्हणाले. आवाजात हेडमास्तर आला होता.

"सर, तुम्ही उन्हात उभे राहा. मी वारा घालतो."

तेवढ्यात ओवीने दुसरा हंस उचलला आणि अलगद कुंडात सोडला. तो बुडाला नाही. मान वर, चोच पुढे, संथपणे तरंगत समोरच्या काठाकडे निघाला. दोन म्हाताऱ्या बायकांनी त्याला वाट करून दिली.

आणि नेमकी त्याच वेळी सुलभा एसटीतून उतरून समोरून आली. तिने काय पाहिलं असेल ते मी तुम्हाला सांगतो. एक निवृत्त हेडमास्तर हात पसरून उन्हात ठिबकत उभे. एक मुलगी टाळ्या वाजवतेय. पाण्यात हंस. आणि तिचा नवरा तिसऱ्या टॉवेलने हेडमास्तरांना वारा घालतोय.

ती शांतपणे आली. पिशवी खाली ठेवली. पदराने ओवीचं तोंड पुसलं. मग पाण्यातला हंस उचलून बोटांनी चाचपला.

"हे कापड कुठलं?"

"आपल्याच कारखान्यातलं."

"धुतलं होतं?"

"नवीन होतं."

"चादरी?"

"त्याही."

ती एवढंच म्हणाली, "मी यांना दर्शनाला आणि नाश्त्याला घेऊन जाते. मी येईपर्यंत कशालाही हात लावू नका."

इथे मी थांबलो असतो तर ही आठवण इथेच संपली असती. पण मला वाटलं, चूक माझी, तर ती निस्तरायलाही मीच हवा. न धुतल्यामुळे बिघडलंय, मग धुतल्यावर नीट होईल. साधा हिशोब! मागच्या अंगणात बंब पेटवला, पाणी उकळलं, सगळ्या चादरी, अभ्रे, टॉवेल घमेल्यात घातले, पावडर ओतली आणि काठीने घोटू लागलो. पाणी हळूहळू घट्ट झालं. भाताच्या पेजेसारखं. काठी उभी राहील इतकं. चादरी पिळल्या की बोटं एकमेकांना चिकटायची. तशाच उचलून तारेवर घातल्या. ऊन कडक होतं, दोन तासांत वाळल्या.

वाळल्या म्हणजे, तारेवर ज्या आकारात होत्या त्याच आकारात वाळल्या. तारेवरून काढल्या आणि जमिनीवर ठेवल्या तर उभ्या राहिल्या. अंगणात ओळीने पांढरे तंबू. कशाबशा दाबून सपाट करून मी त्यातली एक गादीवर नेली. पायाकडून घातली तर डोक्याकडे हातभर गादी उघडी. डोक्याकडून घातली तर पायाकडे. मी बराच वेळ चादर वर-खाली ओढत होतो, जणू माझ्या ओढण्याने ती परत वाढेल.

मागे सुलभा उभी होती. पाहुणे ओटीवर लिंबू सरबत पीत होते.

"आटल्या का?"

"थोड्या."

ती पलंगाच्या काठावर बसली. रागावली असती तर बरं झालं असतं. ती मावशीच्या खिडकीतून चिकूच्या झाडाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "सुरेशदादाला फोन करून सांगते. उद्या ते लिहितील, मग त्याने वाचण्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं."

सत्तावीस वर्षांत माझ्या अनेक चुकांवर ती रागावली आहे, हसली आहे, काही वेळा दोन्ही एकदम. पण असं झाडाकडे बघताना मी तिला पाहिलं नव्हतं. मी म्हणालो, "दादाला नको. आधी शेठना करू."

फोन तिनेच केला. "शेठ, तुमच्या मेहताजींनी..." एवढ्यावरच ती थांबली, कारण पलीकडून हसण्याचा आवाज यायला लागला. तो बराच वेळ आला.

"भाभी, मी तवाच बोललो होतो, ग्रे हाय!" शेठ शेवटी म्हणाले. "पन हे बोलले, मला कळतं. आता मी काय बोलनार? थांबा. पोचतोच."

चार वाजता शेठची गाडी दारात उभी राहिली. मागच्या सीटवर मोठं गाठोडं. शेठच्या बेगमनी खास पाहुण्यांसाठी कपाटात ठेवलेल्या चादरी काढून दिल्या होत्या. वर्षानुवर्षं धुऊन धुऊन सायीसारख्या मऊ झालेल्या, अभ्र्यांवर हाताने भरलेले मोर, आणि टॉवेल असे जाड की अर्धी विहीर पितील.

"अहो शेठ, या तर घरच्या..." सुलभा म्हणाली.

"मेहमान तुमचे काय न आमचे काय. बिछाने लावा."

मग शेठ ओटीवर सरांसमोर बसले आणि त्यांनी माझी अब्रू शास्त्रशुद्ध पद्धतीने काढली. "सर, कापसाला आपलं मेण असतं. वरून आम्ही सुताला खळ लावतो, मागावर तुटू नये म्हणून. मागावरनं उतरतं ते ग्रे. मग प्रोसेसला जातं, खळ निघते, मेण निघतं, आटायचं तेवढं आटतं, तवा ते पाणी पितं. आमचे मेहताजी मधली पायरी खाऊन गेले."

सरांनी खिशातून पेन काढलं. "थांबा, थांबा. खळ कशाची? मेण किती तापमानाला जातं?" दोन तास ते लिहून घेत होते. मी मागे चहा करत होतो. मधूनच सर मला हाक मारायचे, "काय हो, सव्वीस वर्षं ना?" आणि मी आतून "हो सर" म्हणायचो, वर्गाबाहेर उभं केल्यासारखा.

रविवारी सकाळी सर ताजेतवाने उठले. गालावर मोराच्या भरतकामाचा ठसा होता. तो पुसायची कुणालाच घाई नव्हती. निघताना ओवीने एक हंस मागून घेतला. तो म्हणे अजून नाशिकला त्यांच्या बादलीत तरंगतो.

सोमवारी सरांनी लिहिलं. सुरेशदादाने ते फोनवर मोठ्याने वाचून दाखवलं, सुलभाने स्पीकर लावला होता.

"'जागा स्वच्छ. यजमानीणबाई कर्तव्यदक्ष. कुंडाचं पाणी गुणकारी. अंथरूण-पांघरूण: पहिल्या परीक्षेत पूर्ण नापास, फेरपरीक्षेत विशेष प्रावीण्य. वस्त्रोद्योगाविषयी इतकी माहिती मला चाळीस वर्षांत मिळाली नव्हती. ती मिळण्यास यजमानांचं अज्ञान कारणीभूत ठरलं, त्याबद्दल त्यांचे आभार. दिवाळीत पुन्हा येऊ. पाचपैकी चार.'"

"चारच?" दादा म्हणाला.

"चार म्हणजे त्यांच्या स्वतःच्या मुलापेक्षा जास्त असतील," मी म्हणालो.

दादाने शेवटची ओळ पुन्हा एकदा वाचली. मग दादा म्हणाला, "ठीक हाय. ठेव घर. पन भावजींना कापडापासून लांब ठेव."

पुढच्या शनिवारी आम्ही परत गणेशपुरीला गेलो. सुलभाने या वेळी बाजारातून स्वतः चादरी आणल्या होत्या आणि मला फक्त गाठोडं उचलायला घेतलं होतं. मी गाद्या झटकल्या, तोवर ती माझ्या त्या आटलेल्या चादरी घेऊन खिडक्यांपाशी काहीतरी करत होती. पाहिलं तर तिने एकेका चादरीच्या कडेला कड्या शिवल्या होत्या. चारही खिडक्यांना त्या अडकवल्या. वरपासून खालपर्यंत मापात बसल्या, बोटभरही कमी-जास्त नाही. खळ उरलेली असल्यामुळे पडल्याही अगदी ताठ.

ती दोन पावलं मागे सरकली, बघितलं, आणि बऱ्याच दिवसांनी मनापासून हसली.

"अहो," ती म्हणाली, "एक मात्र मानलं. सत्तावीस वर्षं झाली, पण पडदे आणायला तुम्ही कधीच चुकला नाहीत."